सहलीचा जमाखर्च

आमच्या घरात दोन वर्षे एक गोष्ट घडत होती आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. आम्ही तीन भावंडे, तिघेही पुण्यातच. वर्षातून दोनदा तरी तिन्ही घरांनी मिळून एका दिवसासाठी कुठेतरी जाऊन यायचे, हा वडील होते तेव्हापासूनचा रिवाज. वडील गेले, रिवाज राहिला. मात्र त्याचे रूप पालटत गेले. पूर्वी डबे बांधून लोकलने नाहीतर एसटीच्या लाल डब्याने निघायचो. मग मोटारी आल्या. मोटारी आल्यावर ‘तिथे जेवायचे कुठे’ आणि ‘दुपारी आडवे कुठे व्हायचे’ हे प्रश्न आले. आणि त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून एक दिवसाचे ‘पॅकेज’ आले. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा-भजी, मध्ये पोहण्याचा तलाव आणि कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांवर फवाऱ्याखाली नाच. मोठ्यांना १८०० रुपये, मुलांना १२००.

या पॅकेजच्या सहली सुरू झाल्यापासून धाकटा भाऊ येईनासा झाला. दरवेळी कारण असायचे आणि ते पटण्यासारखेही असायचे. कधी मुलाची परीक्षा, कधी बायकोच्या माहेरचे पाहुणे, कधी कारखान्यात जादा पाळी. आम्ही हळहळायचो, ‘तू नेमका सापडत नाहीस बघ’ असे फोनवर म्हणायचो आणि निघून जायचो. माझ्या बहिणीने एकदा शंका काढली होती, तिला मीच गप्प केले.

उलगडा केला तो त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने. दिवाळीत भाऊबीजेला सगळे जमले असताना मी सहज विचारले, ‘‘काय रे, तुम्ही येत का नाही आमच्याबरोबर?’’ पोराने फराळाचे ताट खाली न ठेवता सांगून टाकले, ‘‘काका, आमचं ठरलंय. महिन्यात एकच मोठा खर्च. त्या महिन्यात माझे बूट झाले होते.’’

त्याच्या घरातली माणसे चार. दोन मोठी, दोन लहान. पॅकेजचा हिशेब मांडला तर सहा हजार रुपये होतात, येण्याजाण्याचे वेगळे. टाळेबंदीनंतर त्याचा आधीचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून मिळकत कमी आहे हे मला ठाऊक होते. पण ते ठाऊक असणे वेगळे आणि सहल ठरवताना आठवणे वेगळे. ‘सगळ्यांनी सारखे काढायचे’ या आमच्या न्यायी नियमानेच एक घर बाहेर राहत होते.

अलीकडे सुटीच्या दिवसाचे बेत ऐकताना मला हेच जाणवते. सहल स्वस्त करणे म्हणजे काटकसर, आणि काटकसर म्हणजे जरा कमीपणाच, असे आपण धरून चाललो आहोत. ‘इतकी वर्षे मेहनत केली, आता एक दिवस तरी हिशेब न बघता’ हे वाक्य मीही म्हटलेले आहे. पण ज्याला हिशेब बघावाच लागतो, तो ते वाक्य ऐकून घरी राहतो. तो काही बोलत नाही. मित्रमंडळ असो, सोसायटी असो की भावंडे, ज्याच्या खिशाला परवडत नाही तो कारणे सांगायला शिकतो आणि बाकीचे ती खरी मानायला शिकतात.

त्याच रात्री मी वडिलांची वही काढली. वडील हिशेबनीस होते आणि घरचा पैन्‌पैचा जमाखर्च लिहीत. पुणे-लोणावळा विजेची लोकल १९७८ साली सुरू झाली, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हा तिघा भावंडांना, आईला आणि आत्याला त्या नव्या गाडीने भाजे-कार्ल्याला नेले होते. वहीत नोंद होती. रेल्वेची तिकिटे, दोन वेळचा चहा, शेंगदाणे, केळी, परतताना चिक्की. सहा माणसांचा एकूण खर्च २१ रुपये ४० पैसे. मी ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले, पोरांना तर ते खोटेच वाटले. मी म्हटले, ‘‘बघा, याला म्हणतात सहल!’’

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती अडकित्त्याने सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘अरे, त्यात माझी पहाट कुठे लिहिलीय?’’

मग तिने सांगितले. आदल्या रात्री अकरापर्यंत शेंगदाण्याचे कूट आणि गुळपापडी. पहाटे साडेतीनला उठून स्टोव्ह पेटवायचा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दहीभात. नळाला पाणी यायच्या आत आंघोळ, पाणी आल्यावर भरून ठेवणे, तीन पोरांना उठवणे. पितळी कडीचा डबा आणि फिरकीचा तांब्या तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत. लेण्यांपाशी पोहोचल्यावर सतरंजी घालून सगळ्यांना वाढायचे, आपण शेवटी बसायचे. रात्री घरी आल्यावर डबे घासायचे, कारण सकाळी वडिलांना त्याच डब्यातून जेवण न्यायचे असे. ‘‘कार्ल्याचं लेणं मी तेव्हा नीट पाहिलंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘धाकटा मांडीवर झोपला होता.’’

जुन्या सहलींच्या आठवणी काढताना आपण त्या किती स्वस्तात व्हायच्या हे अभिमानाने सांगतो. त्या स्वस्त होत्या, कारण त्यातला सर्वांत मोठा खर्च वहीत चढतच नव्हता. तो एका बाईच्या अंगावर पडत होता. तेव्हा आजच्या पॅकेजला नाके मुरडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हेही कबूल करायला हवे, की पॅकेजमध्ये आमच्या घरातल्या बायकांना पहिल्यांदा आयते जेवण मिळाले. माझ्या बायकोला ती जागा का आवडायची, हे मला त्या रात्री कळले. तिला त्या तलावात काडीचा रस नव्हता.

आता प्रश्न असा उभा राहिला की भाऊ यायला हवा आणि आईची पहाट कुणाच्याही वाट्याला यायला नको. या दोन अटींत बसणारी सहल होते का? आम्ही ठरवले की करून पाहायची, आणि तीही वडिलांच्याच वहीतली, भाजे-कार्ल्याची. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही अकरा जण निघालो.

पहिली बचत वाहनाची, आणि ती सर्वांत मोठी. तीन मोटारी काढल्या असत्या तर प्रत्येकीचे जाऊनयेऊन सव्वाशे किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला शंभरीच्या पुढे. टोल आणि गाडी लावायचे पैसे निराळे. लोकलने पुण्याहून मळवलीला जाऊनयेऊन माणशी तीस रुपयांच्या घरात काम होते, बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धे तिकीट. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, तेव्हा परतीची गाडी आधीच पाहून ठेवावी. सकाळी लवकरची गाडी धरली तर बसायला जागा मिळते आणि तळेगाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर दिसू लागतात. मोटारीत प्रत्येक मूल आपापल्या फोनमध्ये असते. लोकलमध्ये अकरा जणांना समोरासमोर बसावे लागते, आणि मग कामशेत येईपर्यंत अंताक्षरीवरून भांडणे होतात. मला ती बरी वाटतात.

रेल्वे नसेल तिथे एसटी आहे, आणि एसटीच्या सवलतींचा आपण मध्यमवर्गीय लोक पुरता विचारच करत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे भाडे. मुलांनाही अर्धे. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली खरी, पण आजी, सून, दोन नाती आणि एक मुलगा असे घर एसटीने निघाले तर पूर्ण तिकीट एकट्या मुलालाच पडते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे. पुण्यातल्या पुण्यात हिंडायचे तर पीएमपीचा दिवसाचा पास आहे. जून २०२५ मध्ये तो ४० रुपयांवरून ७० वर गेला, तरी एका रिक्षाफेरीच्या मानाने स्वस्तच. सिंहगडाच्या पायथ्याला ५० नंबरची बस जाते. तिथून गड पायी चढायला पैसे पडत नाहीत. मोटार वर न्यायची तर वनखात्याचे शुल्क भरावे लागते, त्याचे नाव ‘उपद्रव शुल्क’ असे आहे. सरकारी भाषेत क्वचितच इतका नेमका शब्द सापडतो.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली बहुतेक ठिकाणे आपल्याकडे अजून अगदी स्वस्त आहेत. भाजे किंवा कार्ले, तिकीट माणशी २५ रुपये आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. आमच्या तिन्ही मुलांना दोन्हीकडे फुकट प्रवेश मिळाला. आई लेणी चढणार नव्हती, राहिले सात जण, म्हणजे दोन्ही लेण्यांचे मिळून साडेतीनशे रुपये. एवढ्या पैशांत काय बघायला मिळते? भाज्याला डोंगराच्या कड्यात कोरलेली बावीस लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेल्या घराला लाकडाच्या फासळ्या कशाला, असे माझ्या भाचीने विचारले, आणि आम्हा सात शहाण्यांपैकी एकालाही झटकन सांगता येईना. आधी इमारती लाकडाच्या बांधत, तोच घाट दगडात उतरवला आणि कमानींपुरते लाकूड तसेच ठेवले, हे एका म्हाताऱ्या रखवालदाराने सांगितले. शेवटच्या बाजूच्या लेण्यात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. तिथेच एक बाई तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. मुले त्या दोघींपुढे बराच वेळ रेंगाळली.

कार्ल्याचे चैत्यगृह हे या प्रकारचे देशातले सर्वांत मोठे, सुमारे सव्वाशे फूट लांब. पण मला तिथले शिलालेख अधिक भावतात. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले, असे एका लेखात आहे. बाकीच्या लेखांत मात्र किती तरी साध्या माणसांची नावे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावातल्या सिंहदत्त या गंध्याने म्हणजे अत्तर विकणाऱ्याने दाराचे दान दिले. सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले. कुणी यवनाने एक खांब दिला, दुसऱ्या कुणी दुसरा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही एवढे मोठे काम वर्गणीतूनच उभे राहिले, आणि ती वर्गणी सारखी नव्हती. ज्याला दार परवडले त्याने दार दिले, ज्याला खांब परवडला त्याने खांब. भावाच्या मुलाला मी हे सांगत होतो, पण एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या मंडळींचा ढोल इतक्या जोरात वाजत होता की त्याने किती ऐकले कोण जाणे.

आता जेवण. इथे आमची खरी परीक्षा होती. ठरले होते ते असे की सहाच्या आत कुणीही स्वयंपाकघरात जायचे नाही. आदल्या दिवशी प्रत्येक घराने एकेक कोरडा जिन्नस आणायचा, आणि तो पुरुषांनी किंवा मुलांनी करायचा किंवा विकत आणायचा. मी दडपे पोह्यांचे साहित्य डब्यांत वेगवेगळे भरून नेले आणि गाडीतच कालवले. नारळ जरा जास्त पडला. मेहुण्याने शेंगदाण्याचे लाडू केले होते, ते फोडायला अडकित्ता लागला असता. भावाने पेरू आणि काकड्या आणल्या. पाणी प्रत्येकाने आपापल्या बाटलीत.

दुपारचे जेवण मात्र भाजे गावातच घ्यायचे ठरवले होते. एका घराच्या ओसरीवर बाईने पिठले, भाकरी, ठेचा, कांदा आणि भात असे ताट वाढले. मोठ्यांना दीडशे रुपये, मुलांना शंभर. मेहुण्याने सवयीने विचारले, ‘‘अकरा जण आहोत, काही कमी करा की मावशी!’’ आई त्याला म्हणाली, ‘‘जावईबापू, ती तीन दगडांच्या चुलीपुढे बसलीय.’’ विषय संपला. आम्ही लेणी पाहायला गेलो तेव्हा आई त्या ओसरीवरच बसून राहिली होती. दोघींनी एकमेकींच्या सुनांचे काय ते सगळे बोलून घेतले असणार, कारण आम्ही उतरलो तेव्हा बाईने माझ्या बायकोकडे फार निरखून पाहिले.

पैसे कुठे वाचवायचे यापेक्षा कुठे वाचवायचे नाहीत, हे मला आता जास्त महत्त्वाचे वाटते. ताक विकणाऱ्या, करवंदाचे द्रोण घेऊन बसणाऱ्या बाईशी दहा रुपयांवरून घासाघीस करू नये. आपण हॉटेलात बिलावरचा कर निमूटपणे देतोच की. आणि स्वच्छतागृहाबाबत कंजुषी नको. आपल्याकडच्या बायका सहलीला निघाल्या की सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे किती पुरुषांना माहीत आहे? आमच्या भावजयीने हे सांगेपर्यंत मलाही नव्हते. त्यामुळे कुठे थांबायचे हे आधी विचारून ठेवले, आणि एके ठिकाणी चहा नको असतानाही अकरा चहा घेतले, तिथली सोय चांगली होती म्हणून. तो मला त्या दिवसाचा सर्वांत योग्य खर्च वाटतो. आणखी एक. पावसाळ्यातल्या रविवारी या भागात जाऊ नये. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, आणि जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याला गर्दीच्या भाराने इंद्रायणीवरचा पूल कोसळला, तोही रविवारीच. पाऊस ओसरल्यावर, शक्य तर कामाच्या दिवशी किंवा शनिवारी, हीच दऱ्याखोरी निवांत असतात.

पुण्याबाहेरच्या वाचकांनाही आपापल्या गावाजवळचे भाजे सापडेल. मुंबईकरांना बोरिवलीच्या उद्यानातले कान्हेरी आहे, नाशिककरांना शहराला लागूनच पांडवलेणी, कोल्हापूरकरांना एसटीने पन्हाळा. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळ एकाच रस्त्यावर आहेत. वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवले की झाले. नागपूरकरांना रामटेक आहे. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या सहलीत एकदा पाहिले म्हणून आपण त्यांच्यावर फुली मारून ठेवलेली असते, एवढेच.

आमच्या दिवसाचा हिशेब मी वडिलांच्याच वहीत लिहिला. तिकिटे जाऊनयेऊन तीनशे, लेणी साडेतीनशे, आई आणि मुलांसाठी भाज्यापर्यंत रिक्षा दोनशे, जेवणानंतर कार्ल्याला आणि तिथून स्टेशनला सगळ्यांसाठी रिक्षा आठशे, जेवण पंधराशे, चहा-चिक्की साडेतीनशे. एकूण साडेतीन हजार, म्हणजे माणशी सव्वातीनशेच्या आत. पॅकेजला अकरा जणांचे अठरा हजार झाले असते. आईने वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि ‘पहाट’ असा रकाना मला घालायला लावला. त्यात मी शून्य लिहिले. ती म्हणाली, ‘‘दडपे पोह्याला उठला होतास की पाचला.’’ मग शून्याच्या जागी माझे नाव आले.

एक गोष्ट वहीत नाही. संध्याकाळी मळवली स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडीला वीस मिनिटे होती. सकाळची तिकिटे मी काढली होती आणि सगळा खर्च शेवटी तिघांत वाटायचा असे ठरले होते, म्हणून सवयीने खिडकीकडे निघालो. भाऊ पाठीमागून आला आणि माझ्या दंडाला धरून त्याने मला बाजूला केले. ‘‘दादा, थांब. येतानाची सगळ्यांची मी काढतो.’’ मी ‘अरे, हिशेबात’ असे काही म्हणू लागलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘हिशेबात धरू नकोस.’’ अकरा जणांची तिकिटे काढून त्याने ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, सुटे पैसे मोजून घेतले आणि आईसाठी फलाटावरचा बाक रिकामा आहे का ते बघायला गेला.